एनक्लेक्स देताय? मग या चुका टाळा (दर बॅचला हेच सांगून घसा बसला)

परवा पुन्हा एकीचा मेसेज. "मॅडम, माझा पेपर ८५ व्या प्रश्नाला बंद झाला, म्हणजे पास ना?" मी जेवायला बसले होते, घास हातातच राहिला. गेली सहा वर्षं संध्याकाळी घरून एनक्लेक्स-आरएनच्या (अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन, व्हायला द्यावी लागते ती लायसन्सची परीक्षा) बॅच घेते, स्वतः जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक (डिप्लोम्यानंतरची बीएससी), बारा वर्षं वॉर्डात काढली आणि पहिल्या अटेम्प्टला स्वतः आपटलेली आहे, त्यामुळे खालचं सगळं भोगलेलं आहे. गोड बोलणारं कोणी हवं असेल तर एजंट आहेतच.

तर हे ८५ चं आधी संपवू. प्रश्न कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. त्यातले १५ मोजतच नाहीत, पुढच्या परीक्षांसाठी चाचपणी म्हणून मधेमधे घुसवलेले असतात, कुठले ते कळत नाही. तुमचं उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न जरा अवघड, चुकलं की जरा सोपा. ८५ झाले की कॉम्प्युटर दर प्रश्नानंतर बघतो, ही पास रेषेच्या वर आहे का खाली, आणि ९५ टक्के खात्री झाली की बंद. वर असलात तरी बंद, खाली असलात तरी बंद. किती टक्क्यांना पास हे मला विचारू नका, तो युनिव्हर्सिटीच्या पेपरचा प्रश्न झाला. इथली रेषा एनसीएसबीएन ही परीक्षा घेणारी शिकागोची संस्था दर तीन वर्षांनी तपासून ठरवते, तुमच्याबरोबर किती हुशार मुली बसल्या त्याच्याशी तिचा संबंध नाही. निम्मे प्रश्न चुकल्यासारखे वाटणारच, परीक्षा बनवलीच तशी आहे. खरा घोळ ८६ व्या प्रश्नाला होतो, "गेलं आता" म्हणून मुली फटाफट काहीही ठोकत सुटतात आणि तरंगत असलेली होडी स्वतः बुडवतात.

आता नाव. हे वाचून तुम्ही म्हणाल की नावात काय चुकणार, तर ऐका.

सोलापूरची एक मुलगी, अभ्यासात बॅचमधली पहिली. फॉर्म तिने स्वतः भरला नाही, ओळखीच्या एका कन्सल्टन्सीतल्या पोराने "दहा मिनिटांचं काम आहे ताई" म्हणत भरून दिला, आणि त्याने समोर धरली तिची मार्कशीट. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. म्हणजे धरून चाला पाटील सुनीता रमेश (नाव बदललंय). पोराने सरळ फर्स्ट नेममधे पाटील टाकलं आणि लास्ट नेममधे रमेश. पासपोर्टवर अर्थातच सरनेम पाटील आणि गिव्हन नेममधे सुनीता रमेश. एटीटीचा (परीक्षेला बसायच्या परवानगीचा) ईमेल आला त्यावर ते उलटं नाव ठळक छापलेलं होतं, तिने तारीख बघितली, नाव नाही बघितलं. रात्रीच्या सिद्धेश्वरने मुंबईला गेली, सकाळी सेंटरवर पासपोर्ट पुढे केला आणि काउंटरवरच्या बाईने दोनदा स्क्रीनकडे आणि दोनदा पासपोर्टकडे बघून सांगितलं की नाही बसता येणार. मला जिन्यातून फोन, रडत, "मॅडम आधार पण आहे, पॅन पण आहे, कॉलेजचं बोनाफाईड पण आहे." त्याचा काही उपयोग नाही गं. आपल्याकडे पासपोर्टच चालतो आणि रजिस्ट्रेशनमधलं नाव-आडनाव त्याच्याशी जसंच्या तसं जुळावं लागतं. २०० डॉलर परीक्षेचे गेले, अमेरिकेबाहेर सीट घेतल्याचे १५० डॉलर आणि वर टॅक्स तेही गेले. सेंटरची काही चूक नव्हती, त्या पोराचीही मी निम्मीच धरते.

लग्न झालेल्यांचा तर याहून गुंता, कारण आपल्यात नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं आणि काही घरात पहिलंसुद्धा. डिप्लोमा माहेरच्या नावाचा, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरचं, पासपोर्ट सासरचा. मॅरेज सर्टिफिकेट असलं की काही वेळा निभावतं पण त्या भरवशावर परीक्षेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. माझी सवय सांगते, फॉर्म भरायच्या आधी पासपोर्टचं फोटोचं पान झेरॉक्स करून लॅपटॉपच्या शेजारी चिकटवायचं आणि सगळीकडे त्यातलंच टाईप करायचं, मार्कशीट कपाटात. आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नूतनीकरण झालंय का तेही त्याच दिवशी बघायचं, दर पाच वर्षांनी करायचं असतं आणि परदेशी व्हेरिफिकेशन मागवायची वेळ आली की नेमकं लॅप्स झालेलं निघतं.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे "डॉक्टरांना कळवा".

माझ्या बॅचला एक आयसीयूच्या सिस्टर होत्या, अकरा वर्षं अनुभव, व्हेंटिलेटर डोळे मिटून हाताळतील. मॉक टेस्टमधे प्रश्न होता: रक्त चालू करून दहा मिनिटं झाली, पेशंटला थंडी भरली, कंबर दुखते म्हणतो, पहिलं काय कराल? पर्याय म्हणजे डॉक्टरांना कळवा, रक्त थांबवा, व्हायटल्स घ्या, तापाचं औषध द्या. बाईंनी ठोकलं डॉक्टरांना कळवा. मी विचारलं, सिस्टर, वॉर्डात खरंच काय केलं असतं? म्हणाल्या, "रक्ताच्या नळीचा रोलर बंदच केला असता की आधी, तो काय विचारायचा प्रश्न आहे?" मग इथे का नाही टिक केलं? जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "पेपरवर वाटतं ऑर्डर लागेल. आमच्याकडे स्वतःहून काही केलं की मेमो येतो मॅडम."

बघा म्हणजे. हात बरोबर आहे, पेन घाबरतं. एनक्लेक्सच्या वॉर्डात मेमो नाही. तिथे स्टाफ पुरेसा आहे, ऑर्डर लिहिलेल्या आहेत, सामान हाताशी आहे आणि विचारलेलं एवढंच आहे की तुमच्या हातात हा पेशंट सुरक्षित आहे का. रक्त थांबवा, नवीन सेट लावून नॉर्मल सलाईनवर लाईन चालू ठेवा, आणि मग फोन करा ना, कोण नको म्हणतंय.

यावर माझा उपाय अगदी गावठी आहे. डॉक्टरांचा पर्याय दिसला की त्यावर अंगठा ठेवायचा आणि उरलेल्या तिनात पेशंटला आत्ता वाचवणारं काही आहे का बघायचं. स्क्रीनवर अंगठा ठेवला म्हणून कॅमेऱ्यात कोणी हसलं तर हसू दे. असेल तर तेच उत्तर. नसेल तर अंगठा काढा. कारण कधीकधी डॉक्टरच बरोबर असतो: पायाला प्लास्टर, पेनकिलर देऊनही दुखणं वाढतंय, बोटं गार, मुंग्या, पल्स लागत नाही. इथे असेसमेंट, म्हणजे पेशंटची तपासणी, प्रश्नातच करून दिलंय, पुन्हा "असेस करा" निवडलंत तर पाय जाईल. हे मुद्दाम सांगतेय, कारण कुठल्यातरी रीलमधे "असेसमेंट फर्स्ट" ऐकून सगळीकडे तेच मारणाऱ्या पण खूप आहेत. दीड मिनिटाच्या रीलवर जिला नर्सिंग शिकायचंय तिला मी काही बोलत नाही, फक्त फी परत मागू नका.

डेलिगेशन, म्हणजे कुठलं काम कोणाला सोपवायचं: आपल्याकडे स्पंजिंग नातेवाईक करतात, चालवायला मावशी नेतात, बाकी सगळं सिस्टर. तिथे अंघोळ, भरवणं, स्टेबल पेशंटचं बीपी हे सहाय्यकाला देता येतं; असेसमेंट, शिकवणं आणि परिणाम तपासणं आरएनने कोणाला द्यायचं नाही. वाचून पाठ करा, अनुभव इथे कामाचा नाही.

औषधांची नावं जेनेरिक (ब्रँडची नाही) आणि अमेरिकन: पॅरासिटामॉल म्हणजे ॲसिटॅमिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन. वर्षानुवर्षं "लॅसिक्स दे" म्हणणाऱ्यांनी फ्युरोसेमाईड म्हणायची सवय आजपासून लावा.

"जे जे बरोबर ते सगळे निवडा" हे प्रश्न. जुन्या नोट्समधे असतं की एक चुकलं की सगळं शून्य. ते गेलं, १ एप्रिल २०२३ पासून नवीन पद्धत आहे आणि थोडं चुकलं तरी काही मार्क मिळतात. सहा पर्याय, तीन बरोबर. तुम्ही तीन बरोबर आणि एक चुकीचा टिक केला तर तीन वजा एक, दोन मिळाले. यातून शहाण्यांनी लगेच शॉर्टकट काढला की सगळेच टिक करू. मग तीन वजा तीन, शून्य. मात्र "कुठलेही तीन निवडा" असा आकडा दिला असेल तर तिथे वजाबाकी नसते, तीन पूर्ण निवडाच, एक रिकामा सोडून येणाऱ्यांचं मला काही कळत नाही.

टेलिग्रामवरची "ओरिजिनल प्रश्नांची" पीडीएफ डिलीट करा. परीक्षेआधी गोपनीयतेला हो म्हणता, प्रश्न बाहेर फिरवल्याचं निघालं तर रिझल्ट रद्द होतो.

एटीटी साधारण ९० दिवसांची असते आणि वाढवून मिळत नाही. अभ्यास निम्मा व्हायच्या आधी "अर्ज करून टाकू म्हणजे प्रेशर येईल" असं करू नका, प्रेशर येतं आणि २०० डॉलर जातात. नापास झालात तर किमान ४५ दिवस थांबावं लागतं, त्यात आधी तो परफॉर्मन्स रिपोर्ट उघडून वाचा, बहुतेक जणी रागाने उघडतच नाहीत, मी पण नव्हता उघडला.

आणि लायसन्ससाठी अमेरिकेतलं राज्य निवडताना मैत्रिणीने निवडलं म्हणून निवडू नका, काही राज्यं लायसन्सला सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकन सरकारचा ओळख क्रमांक) मागतात, तो तुमच्याकडे इथे बसून असणार नाही. पास झालात म्हणजे व्हिसा मिळाला असंही नाही, त्याला व्हिसास्क्रीन (नर्सच्या शिक्षण-लायसन्सची तपासणी) वेगळं, इंग्रजीची परीक्षा वेगळी, आणि भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांच्या पुढे आहे. एजंटच्या ऑफिसात बसून "मॅडम दीड वर्षात तुम्ही टेक्सासला" ऐकाल तेव्हा हा आकडा त्याला विचारा आणि त्याचं तोंड बघा.