व्हीपीएन जोडलंय, पण ट्रॅफिक कुठून जातंय? या चुका टाळा

"काका, व्हीपीएन लागलं, हिरवं दिसतंय!" असा फोन आला की मी विचारतो, "बरं, आणि ट्रॅफिक कुठून जातंय?" पलीकडे शांतता. इंदुरातल्या चार-पाच सीए ऑफिसांचे आणि रामबागेतल्या निम्म्या ओळखीच्यांचे कंप्युटर मीच बघतो, तेव्हा ही शांतता आता पाठ झाली आहे. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरची आपली ये-जा, म्हणजेच ट्रॅफिक, दुसऱ्या सर्व्हरमार्गे बंद नळीतून, टनेलातून, नेणारी सोय.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, विसरणं. वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रॅमच्या सेटिंगच्या फायलीत, कोणत्या पत्त्यांचं ट्रॅफिक टनेलात घालायचं ते सांगणाऱ्या 'अलाउड-आयपीज'समोर ०.०.०.०/०, म्हणजे 'सगळे पत्ते', लिहायचं आणि हात झटकायचे. अहो, तो रस्ता फक्त जुन्या आयपीव्ही४चा. आयपीव्ही६साठी ::/० वेगळं लिहावं लागतं. नाही लिहिलं, तर ज्या साइटला आयपीव्ही६ पत्ता आहे तिचं ट्रॅफिक टनेलाला वळसा घालून सरळ बाहेर पडतं, आणि ब्राउजर तर बहुधा तोच पत्ता आधी धरतो. सर्व्हरवर आयपीव्ही६ नसेल तरी ते लिहाच. बाहेर पडण्यापेक्षा अडकलेलं बरं.

त्याचीच जुळी बहीण डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा. रस्ता बदलला, पण नावं विचारायला कंप्युटर अजून घरच्या राउटरकडेच जातो. राउटर घरच्याच जाळ्यावर (लॅनवर) असल्यामुळे तो प्रश्न टनेलात शिरतच नाही. राउटर तो पुढे तुमच्या नेटवाल्याला विचारतो, म्हणजे कोणत्या साइटवर चाललात ते त्याला कळलंच. फायलीत डीएनएसची ओळ घाला. मी स्वतः लिनक्सवर 'आयपी राउट गेट १.१.१.१' ही कमांड मारून कोणता इंटरफेस येतो, टनेलाचा की घरच्या नेटचा, ते बघतो, मग तेच आयपीव्ही६च्या पत्त्यासाठी. हिरव्या दिव्यावर माझा विश्वास नाही.

ब्राउजरमधलं एक्स्टेन्शन म्हणजे अख्ख्या कंप्युटरचं व्हीपीएन नव्हे. टॅली त्यातून जाणार नाही.

हँडशेक होतोय, म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांना ओळखतात, पण पानं उघडत नाहीत? सर्व्हरवर फॉरवर्डिंग (आलेलं ट्रॅफिक पुढे पाठवणं) आणि नॅट (ते सर्व्हरच्या स्वतःच्या पत्त्यावरून पाठवणं) चालू केलंय का ते बघा. दहातले आठ जण तिथेच विसरतात.

घरच्या पत्त्यांची रेंज १९२.१६८.१ आणि ऑफिसातही तीच? मग ऑफिसचा प्रिंटर कंप्युटर घरातच शोधत बसणार. ऑफिसची रेंज बदला. कंटाळा येतो, पण बदला.

पिंग चालतं, लहान पानं उघडतात आणि बँकेची साइट लटकते, तर एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, कमी करा. वायरगार्ड साधारण १४२० धरतं, मी थेट १२८० टाकतो. जरा वेग गेला तर गेला.

आता माझीच फजिती. देवासच्या एका गोदामातलं लिनक्स मशीन मी घरून एसएसएचने, म्हणजे दुरून कमांड देण्याच्या सोयीने, सांभाळायचो. एका रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाऊन आलो आणि म्हटलं, दोन मिनिटांचं काम, उरकून टाकू. ०.०.०.०/० टाकलं, टनेल चालू करायची कमांड, एंटर. कर्सर जिथल्या तिथे. झालं असं, की माझी हाक त्या मशीनपर्यंत जुन्या रस्त्याने पोचत होती, पण उत्तर आता नव्या डिफॉल्ट रस्त्याने, म्हणजे टनेलातून निघत होतं. भलत्याच पत्त्यावरून आलेलं उत्तर माझा लॅपटॉप कशाला घेतो! सकाळी पहिली बस धरून देवास. चौकीदाराने दहाशिवाय कुलूप उघडलं नाही. आत जाऊन मी एक ओळ टाइप केली आणि परत निघालो.

तेव्हापासून लांबच्या मशीनवर रस्ता बदलण्याआधी मी 'शटडाऊन -आर +५' देतो. अडकलो, तर पाच मिनिटांत ते आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या रस्त्यावर येतं. सगळं नीट चाललं, तर 'शटडाऊन -सी' देऊन रद्द. अट एकच, टनेल बूटसोबत चालू होणारा ठेवायचा नाही. व्हिडिओतली ओळ चिकटवून एंटर मारणाऱ्या पोरांना हे सांगितलं की "काका, एवढं कशाला?" म्हणतात. त्यांना अजून देवासची बस धरावी लागलेली नाही.

तो चौकीदार मात्र अजून भेटला की विचारतो, "भैया, आज फिर एंटर दबा दिया क्या?"