टोरांटोच्या जानेवारीत रिअर-व्हील गाडी

उन्हाळ्यात हौसेने घेतलेली मस्टँग किंवा टोयोटा जीआर८६ यांसारखी रिअर-व्हील गाडी, म्हणजे इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना देणारी, स्नो पडायच्या आत विकून टाकायची काही गरज नसते. टोरांटो, ओटावा, माँट्रियलच्या हिवाळ्यात या गाड्या रोज चालवता येतात. त्या घसरतात त्या मुख्यतः दोन कारणांनी. पहिलं कारण टायर. दुसरं उजव्या पायाची सवय, आणि ती घाटात शिकलेल्यांना जास्त नडते.

आधी टायर. उन्हाळी टायरचं रबर ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं, मग स्नो नसलेल्या कोरड्या रस्त्यावरही पकड कमी होते. जीआर८६ च्या वरच्या (महागड्या) ट्रिमला कारखान्यातून मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ येतात. टायर उत्तम आहे, पण डिसेंबरसाठी नाही. बारमाही म्हणून विकल्या जाणाऱ्या ऑल-सीझन टायरवरही भिस्त ठेवू नका. टायरच्या बाजूला डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असलेला हिवाळी टायर घ्या. नुसतं ‘एम+एस’ (मड+स्नो) लिहिलेलं असणं पुरेसं नाही. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून तेवढ्यावर हिवाळी टायर मानतच नाहीत. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ओंटारियोत अशी सरसकट सक्ती नाही, पण ते लावल्यास विमा कंपनीला हप्त्यात सवलत द्यावी लागते. ती मागून घ्या.

चारही टायर बदला. चालवणारी चाकं मागची म्हणून फक्त मागे हिवाळी टायर लावले, तर गाडी पळेल, पण वळणार नाही आणि थांबणारही नाही. रुंदीच्या मोहात पडू नका. रुंद टायर स्नोवर तरंगतो, अरुंद टायर तो कापत खाली जातो. जीआर८६ ला २१५/४० आर १८ (२१५ मिलिमीटर रुंद, १८ इंची रिम) असतील तर हिवाळ्यासाठी तेवढ्याच रुंदीचा, पण लहान रिमचा २१५/४५ आर १७ असा वेगळा रिम-टायर संच करा. जाड बाजूमुळे स्नोखाली लपलेल्या खड्ड्यांत रिमही वाचतात. मोठे ब्रेक असतील तर १७ चा रिम कॅलिपरला (ब्रेकची डिस्क दाबणाऱ्या भागाला) घासत नाही ना, हे विकत घेण्याआधी बघा.

चाकं बदलल्यावर नट टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा: जीआर८६ ला १२० न्यूटन-मीटर, २०१५ नंतरच्या मस्टँगला २०४. शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. हवा थंड टायरमध्येच मोजा. तापमान ५-६ अंश उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो, म्हणून सप्टेंबरात भरलेली हवा जानेवारीत पुरत नाही. टायरच्या खोबणीची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्याला चालत असला तरी तो टायर स्नोच्या कामाचा राहिला नाही.

डिकीत वाळूची पोती ठेवायची जुनी पद्धत आहे. मस्टँगसारख्या पुढे जड गाडीत २५-३० किलो, मागच्या आसाच्या शक्य तितक्या जवळ, घट्ट बांधून ठेवली तर निघताना मदत होते. त्याहून जास्त नको. मागचं टोक एकदा सुटलं की तेच वजन लंबकासारखं गाडीला फिरवतं. चांगल्या टायरवर जीआर८६ ला पोतं लागतही नाही.

आता पाय. निघताना दुसरा गिअर, इंजिन जेमतेम १,२०० आरपीएमवर, क्लच हळू सोडायचा. ऑटोमॅटिकला स्नो मोड असेल तर तो लावा. वळणाआधी सरळ रेषेतच वेग उतरवा, वळणात अ‍ॅक्सिलरेटर स्थिर ठेवा आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तसा वाढवा.

खंबाटकीत किंवा आंबा घाटात उतरताना गिअर खाली घेऊन इंजिनवर गाडी धरायची, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं असतं. तिथे ते बरोबरच आहे. बर्फावर रिअर-व्हील गाडीत मात्र इंजिनचं ते धरणं फक्त मागच्या दोन चाकांना लागू होतं. वेग कमी होताना वजन पुढे सरकलेलं असतं, मागची चाकं हलकी झालेली असतात, आणि नेमकी तीच अडवली जातात. मग शेपूट बाजूला येते. अशा वेळी पायातला ब्रेक बरा. तो चारही चाकांना लागतो आणि चाकं जाम होऊ न देणारं एबीएस त्याच्यावर लक्ष ठेवतं. गिअर खाली घ्यायचाच असेल तर आधी इंजिनचा वेग चाकांशी जुळवा आणि क्लच हळू सोडा.

शेपूट निघालीच तर क्लच दाबा, म्हणजे मागची चाकं मोकळी फिरून पुन्हा पकड घेतात. नजर जायचं त्या दिशेला ठेवा, स्टिअरिंगही तिकडेच. पकड आली की स्टिअरिंग लगेच सरळ करा. इथेच बहुतेक जण उशीर करतात आणि गाडी उलट्या बाजूला, आधीपेक्षा जोरात फेकली जाते. पूर्ण फिरायला लागली तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरा. हे सगळं रस्त्यावर शिकू नका. परवानगी असलेलं रिकामं पार्किंग गाठा आणि ताशी २०-३० किलोमीटरवर करून बघा.

गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल चालूच ठेवा. अपवाद रुतल्यावर: चाक जागच्या जागी फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकद तोडत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. जीआर८६ मध्ये बटण एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं. मग पुढे-मागे हलकेच झुलवत बाहेर काढा. चाक जोरात फिरवलं की खालचा स्नो वितळून आरसा होतो. जीआर८६ चं पोट जमिनीपासून जेमतेम १३ सेंटिमीटर आहे, त्यामुळे त्याहून खोल स्नोत गाडी पोटावर बसते आणि चाकं लोंबकळतात. त्याला टायरचा इलाज नाही, फावडंच लागतं. आणि रुतलेल्या गाडीत हीटर लावून बसण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, नाहीतर विषारी वायू आत येतो.

हायवेवर ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग अचानक थरथरू लागलं तर अलाइनमेंटवर खर्च करण्याआधी रिमच्या आतून चिकटलेला स्नो खरवडा. दारांना काचेची चौकट नसलेल्या गाड्यांत (मस्टँग, जीआर८६ दोन्ही) काच गोठून रबराला चिकटते आणि दार ओढलं की रबर फाटतं. नोव्हेंबरातच रबराला सिलिकॉन ग्रीस लावा. ओल्या चाकांनी गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका, तो गोठतो. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये ठेवा. मीठ धुवायला दोन आठवड्यांतून एकदा, तापमान शून्याच्या वर असताना, गाडीचं पोट पाण्याच्या झोताने धुऊन घ्या.

काढलेले उन्हाळी टायर गरम न होणाऱ्या गॅरेजमध्ये असतील तर आपटू-वाकवू नका. उणे ७ च्या आसपास त्यांना तडे जातात. वसंतात बसवण्याआधी दिवसभर ऊबदार खोलीत ठेवा.