लिम्स बसवताय? आधी या चुका टाळा

लिम्स, म्हणजे लॅबमधली सॅम्पल, टेस्ट आणि रिपोर्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर, विकणारे डेमोला येतात तेव्हा त्यांच्या स्क्रीनवर दहा-बारा टेस्ट असतात. प्रत्येकीचं नाव एकच, एकक एकच, मर्यादा एकच. सॅम्पल आलं, बारकोड मारला, रिझल्ट भरला, रिपोर्ट तयार. बघणाऱ्या साहेबांना वाटतं, महिन्याभरात आपलंही असंच चालेल. करार होतो, गो-लाइव्हची (सिस्टिम प्रत्यक्ष सुरू करण्याची) तारीख ठरते आणि मग कुणीतरी पहिल्यांदाच विचारतं, आपल्याकडच्या टेस्टची पक्की यादी कुणाकडे आहे?

ती कुणाकडेच नसते. एक फाइल क्वालिटीवाल्यांकडे असते, एक रिसेप्शनला, आणि खरी यादी बेंचवरच्या, म्हणजे प्रत्यक्ष टेस्ट करणाऱ्या जुन्या माणसाच्या डोक्यात. अशा वेळी हाताला लागली ती एक्सेल फाइल सिस्टिममध्ये चढवून मोकळं व्हायचं, ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक.

पाणी तपासणाऱ्या एका लॅबची गोष्ट. यादीत 'नायट्रेट' दोनदा होतं. साफसफाईचं काम आयटीतल्या एका हुशार, पण घाईतल्या मुलाकडे दिलेलं. त्याने दोन्ही ओळी एकत्र केल्या. नाव एक, एकक एक (मिलिग्रॅम प्रति लिटर), मग ठेवायच्या कशाला दोन? पण त्यातली एक आयन क्रोमॅटोग्राफ या उपकरणावरची होती आणि तिथे रिझल्ट 'नायट्रेट म्हणून' यायचा. दुसरी स्पेक्ट्रोफोटोमीटर या वेगळ्या उपकरणावरची, तिचा रिझल्ट 'नायट्रोजन म्हणून', म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन. या दोन आकड्यांत ४.४३ पट फरक असतो, कारण नायट्रेटचं वजन ६२ आणि त्यातल्या नायट्रोजनचं १४. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा नायट्रेट म्हणून ५० आहे, म्हणजे नायट्रोजन म्हणून साधारण ११. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची मर्यादा १० आहे, पण ती नायट्रोजन म्हणून.

एकत्र केलेल्या ओळीला मर्यादा लागली ५०. स्पेक्ट्रोवरून एका सॅम्पलचा रिझल्ट आला १४. सिस्टिमने हिरवा दिवा दाखवला. नायट्रेट म्हणून तेच पाणी ६२ वर होतं, म्हणजे सरळ नापास. सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलं, त्यामुळे कुठे एररही आला नाही. चूक उघडकीला आली ती बेंचवरच्या एका बाईंमुळे. रिपोर्टवर नजर टाकून त्या म्हणाल्या, "या विहिरीचा आकडा इतका कमी कधीच नसतो." मग जुने रिपोर्ट शोधणं, ग्राहकांना फोन, दुरुस्तीचे रिपोर्ट काढणं, सगळं ओघाने आलंच.

म्हणून माझी सवय अशी: यादीतली कुठलीही ओळ पुसायची किंवा जोडायची असेल, तर ती टेस्ट प्रत्यक्ष करणाऱ्याची सही हवी. प्रत्येक ओळीपुढे पाच गोष्टी लिहून घ्यायच्या. कशाचं मोजमाप, कोणत्या रूपात (एकूण की विरघळलेलं, नायट्रेट की नायट्रोजन), कोणती पद्धत, कोणतं एकक, किती दशांश. हे काम कंटाळवाणं असतं आणि त्यात आठवडे जातात. "आत्ता चढवू, नंतर नीट करू" म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की त्या यादीवर हजारो रिझल्ट बसल्यानंतर ती हलवणार कोण?

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर, जुना डेटा आणताना फाइल उघडून सेव्ह करू नका. सॅम्पल नंबर ००४५१ चा ४५१ होतो. १२ई४ हा नंबर एक्सेल १२ गुणिले दहाचा चौथा घात समजतं आणि १,२०,००० करून टाकतं. हा त्रास इतका जुना आहे, की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने 'मार्च१', 'सेप्ट१' यांसारखी नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. रकाने 'टेक्स्ट' म्हणून आयात करा, तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने ठेवा आणि पाठवलेल्या ओळी व पोचलेल्या ओळी मोजून जुळवा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर २०२० च्या सुरुवातीला इंग्लंडमधले १५,८४१ कोविड पॉझिटिव्ह रुग्ण वेळेवर नोंदलेच गेले नव्हते, कारण मधल्या टप्प्यात एक्सेलचं जुनं फॉरमॅट होतं आणि त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. ओळी मोजून बघायला फार तर पाच मिनिटं लागतात.

आता माझा दुसरा राग: दिवसभर कागदावर लिहायचं आणि संध्याकाळी बसून सिस्टिममध्ये भरायचं.

याला लोक 'डिजिटल झालो' म्हणतात. खरं तर काम दुप्पट झालेलं असतं आणि आकडे उतरवताना होणाऱ्या चुका जिथल्या तिथेच. त्याहून वाईट भाग ऑडिटच्या दिवशी कळतो. एका लॅबमध्ये ऑडिटरने ऑडिट ट्रेल (कुणी, कधी, काय भरलं याची सिस्टिममधली नोंद) मागितला. दिवसभराच्या सगळ्या नोंदी संध्याकाळी सहा ते साडेसहाच्या मधल्या. एका सॅम्पलच्या टायट्रेशनचा रिझल्ट ६:०५ ला आणि त्याच सॅम्पलचं वजन ६:१२ ला. म्हणजे कागदोपत्री रिझल्ट आधी आला आणि वजन नंतर झालं! काम प्रामाणिकपणे सकाळी झालेलं होतं, वहीत सगळं होतं. पण सिस्टिमकडे बघणाऱ्याला ते बनवलेलं वाटणारच. पुढचे कित्येक तास ती माणसं आपण खोटारडे नाही हे सिद्ध करत बसली.

आयएसओ १७०२५ या टेस्टिंग लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या कलम ७.५ मध्ये हे सरळ लिहिलं आहे: निरीक्षणं, डेटा, गणितं ज्या क्षणी होतात त्याच क्षणी नोंदवायची, आणि कुणी केली तेही. लोक भरत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतो. कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत असतो, हातात ग्लोव्ह्ज असतात आणि एका रिझल्टसाठी सात क्लिक करावे लागतात. तेव्हा सक्तीचं परिपत्रक काढण्याआधी तराजूशेजारी स्क्रीन ठेवा. तराजू, पीएच मीटर थेट जोडता येत असतील तर पहिला खर्च तिथे करा. व्हेंडर आधी रंगीत डॅशबोर्ड विकेल. तो नंतर घ्या, किंवा घेऊच नका.

'लॅब१' नावाचं एकच लॉगिन सगळ्यांनी वापरायचं, ही त्या संध्याकाळी भरण्याच्या सवयीचीच धाकटी बहीण. लायसन्सचे पैसे वाचतात म्हणून करतात. मग रिझल्ट कुणी बदलला ते देवालाच ठाऊक.

'पेक्षा कमी' असे रिझल्ट. मोजमापाच्या मर्यादेखालचा रिझल्ट <०.०५ असा येतो. सिस्टिमचा रकाना फक्त आकडा घेतो म्हणून कुणी शून्य टाकतं, कुणी ०.०५, कुणी अर्धा करून ०.०२५. वर्षाअखेरीस सरासरी काढली की तिला काही अर्थ उरत नाही. चिन्हाला वेगळा रकाना आणि आकड्याला वेगळा, एवढं सुरुवातीलाच मागून घ्या. सॅम्पल पातळ केलं की ती मर्यादाही बदलते, त्यामुळे मर्यादा टेस्टला एकदा न लावता सॅम्पलगणिक साठवायला हवी.

राउंडिंग: २.५ चे काही प्रोग्रॅम ३ करतात, काही २ करतात (जवळच्या सम आकड्याकडे). तुमचं काय करतं ते विचारून लिहून ठेवा. आणि मधल्या पायरीवर राउंड करू नका, फक्त शेवटी.

सॅम्पल नंबरमध्ये ग्राहक, वर्ष, विभाग, टेस्टचा प्रकार सगळं कोंबू नका. विभागाचं नाव बदललं की नंबर खोटा ठरतो. साधा चढता क्रमांक पुरतो, बाकीची माहिती तिच्या तिच्या रकान्यात.

बारकोड बारीक नळीला आडवा गुंडाळला तर वाचला जात नाही. तो नळीच्या लांबीच्या दिशेने लावा. अल्कोहोलने पुसून आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवून बघितल्याशिवाय लेबलचे रोळ मागवू नका.

टेस्टिंगबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. कॉन्फिगरेशन झालं की लोक एक छान सॅम्पल घेतात, सगळं नीट भरतात, रिपोर्ट निघतो, टाळ्या. तयार सॉफ्टवेअर आहे, व्हेंडरने तपासलंच असेल, हा युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो. पण तयार सॉफ्टवेअर तुमच्यासाठी बदललं की आयएसओ १७०२५ चं कलम ७.११ ते बदल वापरात आणण्याआधी तपासायला सांगतं. सूत्रं, मर्यादा, रिपोर्टचा नमुना हे सगळं तुम्हीच घातलेलं असतं. व्हेंडर ते कुठून तपासणार?

मी मुद्दाम कटकटीची सॅम्पल जमवतो. फुटलेली बाटली, एकाच नावाची दोन सॅम्पल, अर्ध्यात रद्द झालेली टेस्ट, पुन्हा केलेली टेस्ट ज्यात जुना रिझल्टही दिसायला हवा, मर्यादेखालचा रिझल्ट, रिपोर्ट गेल्यानंतर ग्राहकाने बदलायला लावलेला पत्ता. प्रत्येक सूत्राचं उत्तर हाताने काढून शेजारी लिहितो. डेमोत कधीच न दिसलेले खड्डे इथे दिसतात, आणि अजून करार हातात असतो तोवर ते बुजवून घेता येतात. यात गो-लाइव्ह पुढे गेलं तर जाऊ द्या. दोन-चार आठवडे जुनी आणि नवी पद्धत शेजारी-शेजारी चालवायलाही माझी ना नसते, फक्त जुनी कधी बंद होणार याची तारीख आधी लिहून ठेवा, नाहीतर वह्या कायमच्या चालू राहतात.

बॅकअप रोज होतो, असं सगळे सांगतात. तो वेगळ्या मशीनवर परत चढवून मागच्या महिन्यातला एक रिपोर्ट काढून दाखवा म्हटलं की खोली शांत होते. व्हेंडरचं शेवटचं बिल मी ते बघितल्यावरच पास करतो.