माळ्यावरची टीव्ही गेम पुन्हा चालू कशी करायची

खोकं माळ्यावरून उतरवलं की हात शिवशिवतात, पण टीव्ही गेम लगेच प्लगला लावू नका. आधी ॲडाप्टर तपासायचा. चाळीसगावला आमच्या वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथंच असायचे. नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्या टेबलावर ह्या गेमांची रांग लागायची. समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर, नाहीतर कसलंच नाव नसलेल्या. त्यांत मुख्य आयसी गेलेली गेम क्वचितच निघायची. बिघाड असायचा तो ॲडाप्टरमध्ये, रिमोटच्या वायरीत, बटणाखालच्या रबरात नाहीतर कॅसेटच्या पिनांवर. आजही तसंच आहे. तुमची गेम बहुतेक मेलेली नाही, म्हणून भंगारवाल्याला द्यायच्या आधी एक दुपार तिला द्या.

हे यंत्र मुळात जपानचं. निन्टेन्डोने १९८३च्या जुलैत फॅमिकॉम बाजारात आणलं, आणि आपल्याकडे आल्या त्या त्याच्या नकला. मूळ यंत्राचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा आणि कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. एवढ्यात अख्खा मारिओ पळायचा! बऱ्याच नकलांमध्ये हे सगळं एकाच चिपमध्ये बसवून तिच्यावर काळं रेझिन ओतलेलं असतं. गेम उघडल्यावर आतल्या सर्किटच्या पाटीवर काळा थेंब दिसला तर तोच तिचा मेंदू. त्याला हात लावायचा नाही. बाकी सगळं दुरुस्त होतं.

ॲडाप्टर आणि पाच व्होल्ट

बहुतेक गेमांना ९ व्होल्ट डीसी लागतो. गेमच्या मागे किंवा खाली ते लिहिलेलं असतं, शेजारी एक छोटं वर्तुळाचं चिन्हही असतं. मधली पिन धन की ऋण हे त्यावरून कळतं. मूळ फॅमिकॉममध्ये मधली पिन ऋण होती, नकलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. चिन्ह पुसलं गेलं असेल तर गेम उघडून मल्टिमीटरवर, म्हणजे व्होल्ट आणि जोड तपासायच्या मीटरवर बघा: सॉकेटची कोणती बाजू पाटीच्या ग्राउंडशी बीप देते ती ऋण. अंदाजाने उलटा ॲडाप्टर लावला तर आत उलटी वीज अडवणारा संरक्षणाचा डायोड असेलच असं नाही.

जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला ॲडाप्टर नुसता मोजला तर ९ ऐवजी १२-१३ व्होल्ट दाखवतो. घाबरू नका, भार नसताना तो तसाच दाखवतो. मात्र केबलच्या किंवा सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा ॲडाप्टर गेमला कायमचा लावू नका. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर बसलेला असतो. तो मिळेल त्या व्होल्टचे ५ करतो आणि उरलेले उष्णता म्हणून जाळतो. ९ दिले तर ४ व्होल्टची उष्णता, १२ दिले तर ७ची. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, पंखाही गरम हवा फेकतो. त्यात हा बिचारा किती सहन करणार? मोबाइलचा चार्जर लावायचा मोहही टाळा. त्याचे ५ व्होल्ट ७८०५ला अपुरे पडतात, त्याला आत साधारण ७ तरी हवेत.

७८०५ची छापील बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली करून डावीकडून पहिला पाय आत येणारा, मधला ग्राउंड, तिसरा बाहेर जाणारा. गेम चालू करून तिसऱ्या पायावर मोजा. ५च्या आसपास व्होल्ट मिळाले की निम्मं काम झालं. पहिल्या पायावर ९ आहेत आणि तिसऱ्यावर काहीच नाही, तर रेग्युलेटर बदला. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये सोडा, तालुक्याच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो मिळतो आणि महाग नसतो. पहिल्यावरही काही नसेल तर सॉकेटचा जोड किंवा चालू-बंदचं बटण बघा. सॉकेटचं ड्राय सोल्डर, म्हणजे सुटत आलेला जोड, हा ह्या गेमांचा जुना आजार आहे. पिन हलवली की गेम बंद-चालू होते ती त्यामुळेच. नवं सोल्डर मारलं की काम झालं.

चित्रावर रुंद पट्टा खालीवर सरकतोय आणि आवाजात घर्र ऐकू येतंय, तर वीज गाळणारे कंडेन्सर वाळलेत. तेवढेच मायक्रोफॅरॅड आणि तेवढे किंवा जास्त व्होल्ट असलेला नवा घ्या. अंगावर पट्टी असलेला पाय ऋण, तो जुन्याच्याच जागी जायला हवा. पत्र्याच्या घरात माळ्यावर पडलेल्या गेमचे कंडेन्सर मी चित्र बरं दिसत असलं तरी बदलून टाकते. तिथल्या उन्हाळ्यांनी त्यांच्यात काही ठेवलेलं नसतं.

टीव्ही

गेमच्या मागे पिवळं आणि पांढरं सॉकेट असेल तर सरळ एव्ही वायर लावा. आवाज एकाच बाजूचा आहे, पांढरं लावलं की पुरे. फक्त अँटेनाचं सॉकेट असेल तर ती वायर टीव्हीच्या अँटेनात घालायची आणि गेम चालू ठेवून अ‍ॅनालॉग चॅनेल शोधायला लावायचं. डिजिटल शोध लावलात तर टीव्ही रात्रभर शोधेल आणि काही सापडणार नाही. बऱ्याच नव्या टीव्हींना तीन रंगांची सॉकेटं नसून हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं. त्याची वायर टीव्हीबरोबर आलेलीच वापरा, कारण आतल्या जोडण्या कंपनीगणिक बदलतात.

चित्र आल्यावर दोन गोष्टी करायच्या. पडद्याचा आकार ४:३ करा, नाहीतर मारिओ जाडा दिसतो. आणि टीव्हीत गेम मोड असेल तर तो लावा. एलसीडी टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतो, मग दाखवतो, त्यामुळे उडी मारल्यावर मारिओ किंचित उशिरा उडतो. खड्ड्याच्या काठावर तेवढा उशीर पुरतो.

पण जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही कुणाकडे धूळ खात पडला असेल तर तो मागून आणा. खरंच आणा. ट्यूबवर चित्र येताक्षणी दिसतं, आणि त्या चौकोनी ठिपक्यांच्या कडा ट्यूबवर ज्या मऊ होतात तशा दुसऱ्या कशावर होत नाहीत. ही चित्रं काढणाऱ्यांनीही ती ट्यूबवरच बघितली होती. फक्त त्या टीव्हीचं मागचं झाकण उघडू नका. बंद करून प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात. आमचे वडील टीव्ही उघडला की एक हात पाठीमागे ठेवूनच काम करायचे, आणि मला दुकानात बाकी सगळ्याला हात लावायची मुभा होती, त्याला नाही.

घरातल्या मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. मोबाइलवर तीच मारिओ लावली तर तिचं संगीत आपल्याला घाईचं वाटतं, आणि तो भास नाही. मूळ गेम सेकंदाला ६० चित्रांच्या हिशोबाने बनली. आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत ५०ची. त्या पद्धतीसाठी बनवलेल्या नकलांवर गेम आणि तिचं गाणं दोन्ही सहाव्या हिश्श्याने संथ चालायचं. आपलं बालपण त्याच संथ मारिओवर गेलं.

कॅसेट आणि रिमोट

पडदा एकाच रंगाचा राहिला, उभ्या रेघा आल्या किंवा अक्षरं विस्कटली तर दोष कॅसेटच्या पिनांचा. आपण सगळ्यांनी कॅसेटमध्ये फुंकर मारली आहे, आणि ती चालायचीही, कारण काढून पुन्हा घातल्याने पिना घासल्या जायच्या. फुंकरीतली ओल मात्र तांब्यावर हिरवट डाग पाडते. त्याऐवजी मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कान कोरायच्या कापसाच्या काडीला लावा आणि पिनांवर एकाच दिशेने फिरवा. काडी काळी निघेल. स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. डाग हट्टी असेल तर शाळेतलं पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने, मग पुन्हा अल्कोहोल. पॉलिश पेपर कधीच नाही, पिनांवरचा मुलामा फार पातळ असतो.

गेमच्या आतल्या खाचेत तीस-तीसच्या दोन ओळी, म्हणजे ६० पिना असतात. जुन्या एटीएम कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळा, अल्कोहोलने ओलसर करा आणि कॅसेटसारखं आत-बाहेर करा. आपल्या भागात ह्या खाचेत काळ्या मातीची धूळ असतेच, जिनिंगजवळ राहणाऱ्यांच्या गेमांत कापसाचे तंतूही निघतात. पूर्ण वाळल्याशिवाय चालू करायचं नाही.

रिमोट उघडायला मागचे स्क्रू काढा. आत एक रबर, त्याच्या पोटाला काळी वर्तुळं, आणि समोर पाटीवर त्याच आकाराचे पट्टे. बटण दाबलं की काळं वर्तुळ पट्टे जोडतं. दोन्ही बाजू अल्कोहोलने पुसा, पण रबर घासू नका, काळा थर निघून येतो. थर आधीच उडाला असेल तर टीव्हीच्या निकामी रिमोटच्या रबरातलं वर्तुळ कापून चिकटवता येतं. पेन्सिलीचं शिसं घासूनही बटण चालतं, पण थोडेच दिवस.

वायर तुटते ती दोनच ठिकाणी: रिमोटच्या तोंडाशी आणि प्लगच्या तोंडाशी. तिथं ओढाताण होते. आमच्याकडे "आते मना नंबर शे" (आता माझा नंबर आहे) म्हणत भाऊ रिमोट हिसकायचा, त्या ओढीचा हिशोब वायरीलाच द्यावा लागायचा. आत पाच तारा कामाच्या असतात: पाच व्होल्ट, ग्राउंड, आणि तीन संदेशाच्या. आठ बटणं आणि त्यांचा निरोप एकाच तारेवरून जातो, हे मला लहानपणी कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. यंत्र एका तारेवरून 'आता सांग' असा इशारा देतं, मग दुसरीवर ठोके देतं, आणि प्रत्येक ठोक्याला रिमोट एका बटणाची खबर देतो. ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं, ह्याच क्रमाने. म्हणून एकच बटण बंद असेल तर दोष रबरात, सगळीच बंद असतील तर तारेत. तुटका भाग कापून तारा पुन्हा जोडताना रंगांवर विसंबू नका. नकलांमध्ये लाल तार ग्राउंडला लावलेली मी बघितली आहे. मल्टिमीटरच्या बीपवर प्रत्येक तार दुसऱ्या टोकापर्यंत ओळखून घ्या.

खोक्यात गेमची बंदूकही सापडली असेल तर तिच्यासाठी ट्यूबचाच टीव्ही लागेल. बदकं मारायच्या गेममध्ये घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तो दिसला का ते सांगतो. आधी काळा पडदा कशाला? कुणी बल्बकडे नेम धरून फसवू नये म्हणून. एलसीडीवर चौकोन उशिरा येतो, तोवर गेमने नेम चुकल्याचं ठरवलेलं असतं. तिथं बंदूक दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका.

कुणी, काय खेळायचं

स्टँडजवळच्या पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायच्या मोठ्या गेमा होत्या. मुस्तफा सगळ्यांच्या तोंडी होता. कॅपकॉमच्या १९९३च्या कॅडिलॅक्स अँड डायनासोर्समधलं ते एक पात्र, पण अख्खी गेम त्याच्याच नावाने चालायची. तिथं मुलींना जाता येत नसे. माझ्या पिढीतल्या कितीतरी बहिणींनी जे खेळलं ते घरातल्या ह्याच प्लास्टिकच्या डब्यावर, भावाशेजारी सतरंजीवर बसून. म्हणून दुसरा रिमोट दुरुस्त केल्याशिवाय मी कुणाला गेम परत देत नाही. एका रिमोटवर समाधान मानू नका.

भाचरांबरोबर सुरुवात बॅटल सिटीने करा, नामकोची १९८५ची रणगाड्यांची गेम. दोघं मिळून गरुड राखायचा. जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, थोडा वेळ गोठतो, त्यामुळे भांडण होतं पण खेळ थांबत नाही. तिच्यात विटा मांडून स्वतःचं मैदानही बनवता येतं, लहान मुलं त्यातच रमतात. गोळीबाराची कॉन्ट्रा नंतर. धबधब्याच्या लेव्हलला वर चढणाऱ्याने खालच्यासाठी थांबायचं, कारण पडदा वर सरकला की खाली राहिलेला मरतो. हे मुलांना आधीच सांगून ठेवा. आणि ९९९९ गेमांच्या कॅसेटमध्ये तेवढ्या गेमा नाहीत, थोड्याच आहेत, त्याच वेगवेगळ्या लेव्हलपासून पुन्हा पुन्हा मांडलेल्या. यादीची पहिली काही पानं बघितली की पुरे.

खेळून झालं की आधी गेम बंद, मग कॅसेट बाहेर, मग ॲडाप्टर भिंतीतून काढा. वायर रिमोटभोवती आवळून गुंडाळू नका, सैल वेटोळं करा. गेम पुन्हा माळ्यावर न टाकता कपाटात ठेवा, कपड्यात गुंडाळून, सोबत नव्या बुटांच्या खोक्यात मिळते ती ओल शोषणारी पुडी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून तासभर चालवा.