जिरा प्लगिनमधले डिपेंडन्सी इंजेक्शनचे एरर: आधी कुठे बघायचं

कोड कंपाइल झाला, जार फाइल तयार झाली, अपलोडही झाली. पण प्लगिन एनेबल होत नाही, कारण डिपेंडन्सी इंजेक्शन (क्लासला लागणारे ऑब्जेक्ट स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कने बाहेरून पुरवणं) फसलेलं असतं. जिरा डेटा सेंटरसाठी (ॲटलासियनच्या जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी आवृत्ती) प्लगिन लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोवतं. इथली माहिती ॲटलासियन स्प्रिंग स्कॅनर २.x (कोडमधली ॲनोटेशन वाचून स्प्रिंगसाठी क्लासची यादी बनवणारं साधन) वापरणाऱ्या प्लगिनसाठी आहे. जिरा क्लाउडच्या ॲपना ती लागू नाही, कारण ती ॲप जिराच्या जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये) चालतच नाहीत.

एक गोष्ट पक्की डोक्यात असू द्या. जिरातलं प्रत्येक प्लगिन हे स्वतंत्र ओएसजीआय बंडल (स्वतःचा क्लासलोडर असलेलं जावा मॉड्यूल) असतं आणि त्याचा स्प्रिंग कॉन्टेक्स्टही (स्प्रिंगने बनवलेल्या ऑब्जेक्टचा, म्हणजे बीनचा, साठा) स्वतंत्र असतो. जिराकडे एखादी सर्व्हिस आहे म्हणून ती तुमच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आपोआप येत नाही. ती मागवावी लागते. बहुतेक एरर या मागवण्यात काहीतरी राहिल्यामुळे येतात.

लॉग खालून वर वाचा

ॲटलस-रन (चाचणीसाठी जिरा सुरू करणारी कमांड) वापरत असाल तर लॉग टार्गेट/जिरा/होम/लॉग या फोल्डरमध्ये असतो. स्टॅक ट्रेसच्या पहिल्या ओळीत अडकू नका, सगळ्यात शेवटचं ‘कॉज्ड बाय’ गाठा. अनसॅटिस्फाइड-डिपेंडन्सी-एक्सेप्शनमध्ये ‘कन्स्ट्रक्टर पॅरामीटर २’ असं लिहिलेलं असेल तर तो तिसरा आर्ग्युमेंट, कारण मोजणी शून्यापासून होते. त्याखालच्या नो-सच-बीन-डेफिनिशन-एक्सेप्शनमध्ये न सापडलेल्या टाइपचं पॅकेजसकट पूर्ण नाव मिळतं.

ते पॅकेज ॲटलासियनचं असेल तर @कॉम्पोनंटइम्पोर्ट (बाहेरची सर्व्हिस मागवणारं ॲनोटेशन) राहिलं आहे. तुमचंच असेल तर त्या क्लासवर @नेम्ड (क्लास बीन म्हणून नोंदवणारं ॲनोटेशन) नाही, किंवा क्लास इंडेक्समध्ये (स्कॅनरच्या यादीत, ती पुढे बघू) आलेला नाही. @कॉम्पोनंटइम्पोर्ट कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरवर लावायचं. एका प्लगिनमध्ये एका इंटरफेससाठी ते एकदा लावलं की पुरतं.

पॅकेजचं नाव पूर्ण वाचा असं सांगण्यामागे कारण आहे. यूजरमॅनेजर नावाचे दोन इंटरफेस आहेत: एक जिराचा स्वतःचा, जिरा.यूजर.यूटिल पॅकेजमधला, आणि दुसरा सॅलचा (ॲटलासियनच्या प्रॉडक्टमधल्या सामाईक एपीआयचा), सॅल.एपीआय.यूजर पॅकेजमधला. आयडीईने सुचवलेला पहिला पर्याय घाईत स्वीकारला की एका क्लासमध्ये एक आणि दुसऱ्यात दुसरा येऊन बसतो. दोन्ही खरोखर लागत असतील तर @कॉम्पोनंटइम्पोर्टच्या कंसात प्रत्येकाला वेगळं नाव द्या, कारण बीनचं नाव एरवी क्लासच्या छोट्या नावावरून ठरतं आणि दोघांचं ते एकच आहे.

इंडेक्स फाइल उघडून बघा

हे बहुतेक जण करत नाहीत, आणि खरा उलगडा इथेच होतो. बिल्ड झाल्यावर टार्गेट/क्लासेस/मेटा-इन्फ/प्लगिन-कॉम्पोनंट्स हे फोल्डर उघडा. ‘कॉम्पोनंट’ फाइलमध्ये तुमचे क्लास आणि ‘इम्पोर्ट्स’ फाइलमध्ये मागवलेल्या सर्व्हिस ओळीने लिहिलेल्या असतात. तिथे नाव नसेल तर स्प्रिंगला तो क्लास माहीतच नाही. कोडमध्ये अ‍ॅनोटेशन कितीही नीट दिसत असलं तरी.

फोल्डरच नसेल तर पॉम फाइलमध्ये स्प्रिंग स्कॅनरचं मेव्हन प्लगिन नाही, किंवा त्याचं गोल प्रोसेस-क्लासेस फेजला जोडलेलं नाही. फक्त आयडीईतून कंपाइल केलं तरीही असंच होतं, कारण इंडेक्स मेव्हन बनवतं. फाइल बरोबर असूनही बीन तयार होत नसतील तर मेटा-इन्फ/स्प्रिंग फोल्डरमधल्या एक्सएमएलमध्ये स्कॅन-इंडेक्सेस हा टॅग आहे का ते बघा. २.x साठी त्याच्या नेमस्पेसच्या शेवटी ‘/२’ लागतं. जुन्या प्रोजेक्टमधून कॉपी केलेल्या फाइलमध्ये ते हमखास नसतं.

आणखी एक गफलत: जारच्या मॅनिफेस्टमध्ये (वर्णनाच्या फाइलमध्ये) ॲटलासियन-प्लगिन-की दिली की जिरा तुमच्या जारमध्ये स्वतःहून काही बदल करत नाही. मग ॲटलासियन-प्लगिन एक्सएमएलमधले कॉम्पोनंट आणि कॉम्पोनंट-इम्पोर्ट हे जुने टॅग चालत नाहीत. अर्धं एक्सएमएल आणि अर्धी अ‍ॅनोटेशन ठेवू नका, सगळं अ‍ॅनोटेशनवर आणा.

जारमध्ये नको ते शिरलं आहे का?

सॅल-एपीआय, जिरा-एपीआय, जावाएक्स-इंजेक्ट आणि स्कॅनरची अ‍ॅनोटेशन, या सगळ्यांचा स्कोप ‘प्रोव्हायडेड’च हवा. ‘कंपाइल’ राहिला तर त्यांची प्रत तुमच्या जारमध्ये जाते. मग तुमचा इंटरफेस एका क्लासलोडरचा आणि जिराचा दुसऱ्या. नाव तेच, तरी जावाच्या लेखी दोन वेगळे टाइप. ‘अमुक टाइप त्याच अमुक टाइपमध्ये कास्ट होत नाही’ असा चक्रावून टाकणारा एरर यातूनच येतो. स्कॅनरची अ‍ॅनोटेशन आत आली तर २.x प्लगिन सुरूच करत नाही, पण उपायही लॉगमध्येच सांगतं. स्कॅनर-रनटाइमची डिपेंडन्सी असेल तर तीही काढा.

तपासण्यासाठी मेव्हनचं डिपेंडन्सी:ट्री चालवा आणि जार उलगडून बघा. बाहेरच्या लायब्ररी मेटा-इन्फ/लिब फोल्डरमध्ये असतात, किंवा सुट्या क्लासच्या रूपात थेट आत पसरलेल्या. स्कोप बदलल्यावर ‘क्लीन’ करूनच बिल्ड करा, नाहीतर जुने क्लास टार्गेटमध्ये तसेच राहतात.

मॅनिफेस्टमधल्या इम्पोर्ट-पॅकेजमध्ये (बंडलला लागणाऱ्या पॅकेजच्या यादीत) सगळ्यालाच ‘रिझोल्यूशन ऑप्शनल’ लावून एरर घालवणं हा उपाय नव्हे. बंडल रिझॉल्व होतं, पण नसलेला क्लास वापरायची वेळ आली की नो-क्लास-डेफ-फाउंड येतो, तोही कदाचित वापरकर्त्याच्या स्क्रीनवर.

उरलेल्या काही खुणा

एक्सेप्शन नाही, नुसताच टाइमआउट येतो: मागवलेली सर्व्हिस त्या जिरात कुणीच पुरवत नाही आणि प्लगिन तिची वाट बघत बसलं आहे. ज्या प्लगिनमधून ती यायला हवी ते बंद आहे का ते यूपीएममध्ये (जिराच्या प्लगिन व्यवस्थापनाच्या स्क्रीनवर) बघा.

‘करंटली इन क्रिएशन’: दोन क्लास एकमेकांना कन्स्ट्रक्टरमधून मागताहेत. दोघांना लागणारा भाग तिसऱ्या क्लासमध्ये काढा.

‘नो डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर’: कन्स्ट्रक्टर एकाहून अधिक आहेत आणि @इंजेक्ट कुठेच नाही.

ॲक्टिव्हऑब्जेक्ट्स (डेटाबेसमध्ये डेटा ठेवण्याची ॲटलासियनची सोय) मागवलं असेल तर ॲटलासियन-प्लगिन एक्सएमएलमध्ये ‘एओ’ मॉड्यूल हवं, आणि कन्स्ट्रक्टरमध्ये डेटाबेसला हात लावायचा नाही. ते काम लाइफसायकलअवेअर इंटरफेसच्या ऑनस्टार्ट मेथडमध्ये न्या.

काहीच जमेना म्हणून कॉम्पोनंटॲक्सेसरने (इंजेक्शनशिवाय थेट सर्व्हिस देणारा जिराचा क्लास) सर्व्हिस उचलण्याचा मोह होतो. तो टाळाच. मूळ चूक तशीच राहते, युनिट टेस्ट लिहिणं अवघड होतं, आणि प्लगिन सुरू होताना दिसला असता तो एरर पुढे कधीतरी नल-पॉइंटर होऊन समोर येतो.