ब्रँडसाठी मोठं ब्रिक मॉडेल करताय? या चुका टाळा

मॉलच्या मधोमध लेगोसारख्या प्लॅस्टिकच्या विटांची अडीच मीटर उंच बाटली उभी असली की लोक थांबतात, फोटो काढतात, मुलं हात लावून बघतात. छापील फ्लेक्ससमोर असं कोणी थांबत नाही. ब्रँडवाल्यांना ही मॉडेलं हवी असतात ती त्यासाठीच, आणि इव्हेंट-फॅब्रिकेशनमधली बरीच नवी मंडळी आता या कामात उतरली आहेत. चांगलंच आहे. पण आमच्याकडे दुरुस्तीला येणारं प्रत्येक मॉडेल बघताना जीव तुटतो. विटा चांगल्या असतात, क्लायंटने पैसे मोजलेले असतात, पोरांनी रात्री जागवलेल्या असतात, आणि तरी मॉडेल वाकडं, फुगलेलं किंवा तडकलेलं असतं. कारणं दरवेळी तीच, आणि जवळजवळ सगळी पहिली वीट लावण्याच्या आधीची.

विटेची मापं पाठ नसताना लोगो करायला घेणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

लेगोच्या विटेवरच्या गोल उंचवट्यांना, म्हणजे स्टडना, ८ मिलिमीटरचं अंतर असतं. विटेची उंची मात्र ९.६ मिलिमीटर. पातळ प्लेट ३.२ मिलिमीटरची, म्हणजे तीन प्लेट मिळून एक वीट. १९५८ साली ही पद्धत पेटंट झाली तेव्हापासून या मापांवर सगळं उभं आहे. आता होतं काय, ग्राफिक डिझायनर लोगो चौकोनी पिक्सेलमध्ये पाडतो आणि एक पिक्सेल म्हणजे एक वीट असं धरून पोरं थरावर थर रचायला लागतात. विटेचा समोरून दिसणारा पिक्सेल चौकोनी नसतोच. तो ८ रुंद आणि ९.६ उंच असतो. म्हणजे प्रत्येक आकृती उंचीत थेट वीस टक्क्यांनी ताणली जाते.

एका एजन्सीने असाच एक गोल लोगो केला होता. १५० स्टड रुंद, म्हणजे १.२ मीटर, आणि डिझाइनप्रमाणे १५० थर उंच. दीडशे थर म्हणजे १.४४ मीटर. वर्तुळ २४ सेंटिमीटर जास्त उंच झालं. रचताना कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे भिंतीला नाक लावून काम करत होते. संध्याकाळी क्लायंटचा माणूस आला, दहा पावलं मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आमचा लोगो गोल आहे हो, हे अंडं काय केलंय?" अनावरण दुसऱ्या दिवशी सकाळी. मग फोन आमच्याकडे.

तिथे पोचलो तर मंडळी दर सहाव्या थराला एक थर काढून टाकायच्या तयारीत. हिशेब बरोबर होता, १५० चे १२५ थर झाले असते. पण लोगोतल्या अक्षरांच्या आडव्या रेघा त्यात गेल्या असत्या. सुदैवाने विटा चिकटवलेल्या नव्हत्या, मागे फक्त प्लायचा आधार होता. भिंत एका स्टडच्या जाडीची होती, म्हणून उपाय तिथेच सापडला. सगळ्या विटा सोडवायच्या, प्लायवर ४८ बाय ४८ स्टडच्या बेसप्लेट (स्टड असलेल्या सपाट पाट्या) ठोकायच्या आणि त्याच विटा स्टड समोर येतील अशा आडव्या बसवायच्या. त्या दिशेने बघितलं की जाळी ८ बाय ८ ची, अगदी चौकोनी. समोरून चार घरं झाकणारी वीट बेसप्लेटवरही चारच घरं झाकते, त्यामुळे एकही नवी वीट लागली नाही. फक्त बेसप्लेट शोधायला धावपळ झाली. रात्रभर बसून सकाळी वर्तुळ गोल झालं.

म्हणून माझ्याकडे नव्याने येणाऱ्या मुलाला मी आधी विटा देत नाही, कागद देतो. उभ्या भिंतीवरचा लोगो असेल तर ५ ला ६ या प्रमाणातला ग्राफ छापून घ्यायचा आणि त्यावरच काढायचं. गोलाई नितळ हवी असेल तर प्लेट वापरायच्या आणि एक गोष्ट डोक्यात कोरून ठेवायची: पाच प्लेटची उंची म्हणजे दोन स्टडची रुंदी, दोन्ही १६ मिलिमीटर. विटा आडव्या बसवून वळणं काढायची सगळी विद्या या एका बरोबरीवर चालते. ब्रिकलिंक या विटांच्या ऑनलाइन बाजाराचं स्टुडिओ सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हे सगळं आधी रचून बघता येतं. "सॉफ्टवेअर शिकायला वेळ नाही" म्हणणारे लोक दुप्पट वेळ रचलेलं सोडवण्यात घालवतात.

सांगाडा शेवटी आठवणं, किंवा नट आवळून टाकणं

काहींना वाटतं, आत लोखंड घातलं की ती फसवणूक. अजिबात नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये लेगोने खऱ्या आकाराचं एक्स-विंग यान ठेवलं होतं, ५३ लाखांवर विटांचं. त्याच्याही आत पोलादी सांगाडा होता. हजारो लोक ज्याच्याजवळ उभे राहणार, त्याला सांगाडा हवाच.

पण तो कसा घालायचा, यात गोम आहे. विटा एबीएस प्लॅस्टिकच्या. एबीएस एका अंशाला, एका मीटरमागे, साधारण ०.०८ मिलिमीटर वाढतं. पोलाद ०.०१२. म्हणजे उष्णतेत प्लॅस्टिक लोखंडाच्या सहा-सात पट हातपाय पसरतं. एसी मॉलमध्ये हे जाणवत नाही. मे महिन्यात बंद टेम्पोत जाणवतं.

चाकणच्या एका शेडमध्ये एका शीतपेयाची अडीच मीटरची बाटली बनली होती. पूर्ण चिकटवलेली. मधून एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा पाइप, खाली चौथऱ्याला वेल्डिंग, वर पोलादी प्लेट आणि तिच्यावर नट, बरणीचं झाकण लावावं तसा घट्ट आवळलेला. हललं नाही पाहिजे, एवढाच विचार. दुपारी टेम्पो नाशिकला निघाला. आतलं तापमान तीस अंशांनी चढलं असेल तर विटांच्या शरीराला सहा मिलिमीटर वाढायचं होतं आणि पाइपला एक मिलिमीटरसुद्धा नाही. उरलेले पाच मिलिमीटर कुठे जाणार? बाटलीचं पोट फुगलं आणि मान जिथे निमुळती होते तिथे आडवी चीर गेली. टेम्पो उघडला तेव्हा चिरेत नखं जात होती.

फॅब्रिकेटरचं पहिलं म्हणणं, नट अजून आवळू. नेमकं उलटं करायला हवं होतं. आम्ही वरचा नट आणि प्लेट काढूनच टाकली. मान हॅकसॉने कापून तेवढे थर नव्याने रचले. पाइपभोवती विटांचीच मोकळी बाही ठेवली, म्हणजे मॉडेल बाजूला कलणार नाही पण वर-खाली मोकळेपणाने सरकेल. जिथे विटा लोखंडाला टेकतात तिथे रबराची पट्टी. ती बाटली मग पुढचा उन्हाळाभर गावोगाव फिरली आणि पुन्हा चीर गेली नाही.

माझा नियम साधा आहे: खाली पक्कं, बाजूला आधार, वर मोकळं. आणि वेल्डिंगचं सगळं काम चिकटवण्याच्या दिवसांआधी संपवायचं. शेडमध्ये एकाच वेळी या टोकाला वेल्डिंग आणि त्या टोकाला विटा चिकटवायचं, चटकन पेट घेणारं सॉल्व्हंट, हे मी पाहिलं आहे. तिथून मी लोकांना आधी बाहेर काढतो, बोलणं नंतर.

चिकटवण्याबद्दल

झटपट चिकटणारा सुपरग्लू वापरू नका. त्याच्या वाफेने आजूबाजूच्या विटांवर पांढुरकी बुरशीसारखी झाक येते, काळ्या आणि लाल विटांवर तर लांबूनही दिसते. मोठ्या मॉडेलसाठी एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) हे सॉल्व्हंट वापरतात. ते प्लॅस्टिक जरासं विरघळवून दोन विटा एकजीव करतं. पातळ ब्रशने, स्टडच्या बाजूंना, अगदी थोडं. ते शून्याच्या खालच्या तापमानालाही पेट घेणारी वाफ सोडतं, त्यामुळे हवा खेळती हवी, जवळ ठिणगी नको, आणि नेहमीचे निळे नायट्राइल हातमोजे त्याच्यासमोर टिकत नाहीत, ब्यूटिल रबराचे घ्या. पारदर्शक विटांवर त्याने बारीक भेगा पडतात. त्या नुसत्या दाबून बसवा.

वजन वाचवायला आत थर्माकोल भरायची युक्ती कोणीतरी दर वर्षी नव्याने शोधतं. हे सॉल्व्हंट थर्माकोल खाऊन टाकतं. विषय संपला.

बाकीच्या चुका, थोडक्यात

सांधेमोड न करणं. घर बांधणारा गवंडी सांध्यावर सांधा कधी येऊ देत नाही, आणि आमची मंडळी लवकर उरकायला एकसारख्या विटा एकावर एक रचत जातात. मग उभी फट सरळ खालपर्यंत. प्रत्येक थर अर्ध्या विटेने सरकवा आणि दर आठ-दहा थरांना आतून आडवी फासळी टाका.

"दुप्पट मोठं करा, दुप्पट पैसे घ्या" याला होकार देणं. आकार दुप्पट झाला की पृष्ठभाग चौपट होतो. आतल्या फासळ्या वेगळ्याच. दोन बाय चारच्या विटांनी एक चौरस मीटर भिंत रचायला सव्वातीन हजारांच्या आसपास विटा लागतात आणि वजन साडेसात किलो होतं. तेवढंच भरीव एक घनमीटर केलं तर दोन लाख विटा आणि पावणेपाचशे किलो. कोटेशन देण्याआधी हे गणित करा, नंतर नाही. मॉलच्या व्यवस्थापनाला वजन लेखी द्यावं लागतं, तिथे अंदाजाने आकडा टाकू नका.

दोन कंपन्यांच्या विटा मिसळणं. स्वस्त विटा वाईटच असतात असं नाही, पण एका मॉडेलमध्ये एकच जात ठेवा. दोन मीटर उंचीत दोनशेच्या वर थर येतात. दुसऱ्या कंपनीची वीट ०.०२ मिलिमीटरने जरी उंच असली तरी वर पोचेपर्यंत एक बाजू चार मिलिमीटरने चढलेली असते. रंगाच्या छटांचा प्रश्न वेगळाच: गोडाऊनच्या ट्यूबलाइटखाली सारखा वाटणारा पिवळा मॉलच्या स्पॉटलाइटखाली दोन पिवळे होतो.

विटा येतीलच असं धरून तारीख देणं. भारतात खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणन सक्तीचं आहे आणि आयात शुल्क २०२३ पासून ७० टक्के. परदेशातून हजारो विटा मागवणं म्हणजे कागदपत्रं, कस्टम आणि वाट बघणं. शिवाय क्लायंटचा नेमका रंग सगळ्या आकारांत मिळतोच असं नाही. रंग आधी तपासा, वचन नंतर द्या. मागवताना १०-१५ टक्के जास्त मागवा.

आणि वेळेबद्दल बोलायलाच हवं. २०१८ मध्ये लेगोने आपल्या टेक्निक मालिकेच्या दहा लाखांहून जास्त भागांची, खरोखर चालणारी बुगाटी शिरॉन मोटार केली, गोंदाचा थेंबही न वापरता. त्यांच्या तरबेज माणसांनाही तिच्यासाठी १३ हजारांवर तास लागले. तुमचं एखाद्या स्कूटरचं मॉडेल म्हणजे बुगाटी नाही हे मान्य. पण "पंधरा दिवसांत देतो" म्हणून काम उचलणारा माणूस चाचणीचे दिवस कापतो, आणि त्याची किंमत शेवटी रात्री दोन वाजता रचणारी पोरं मोजतात. मी कुठल्याही कामात अर्धा मीटर उंचीचा तुकडा आधी करून टेम्पोत घालून खडबडीत रस्त्याने फिरवून आणतो. उतावळ्या लोकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्याच तुकड्यातून कुठली वीट सुटते हे कळतं.

पोस्टरवर लेगोचं नाव. विटा लेगोच्या असल्या तरी ब्रँडच्या जाहिरातीत ते नाव किंवा चिन्ह परवानगीशिवाय छापू नका. साध्या विटेच्या आकारावर ट्रेडमार्क चालत नाही, असा निकाल युरोपच्या न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे, पण नाव आणि तो छोटा पिवळा माणूस दोन्ही त्यांचेच. "विटांचं मॉडेल" एवढं पुरतं.

पांढरं मॉडेल उन्हात ठेवणं. पिवळं पडतं. छत्री नाही, सावलीची जागा मागा.

हात लावणाऱ्या मुलांना दोष देणं. मुलं हात लावणारच, त्यासाठीच तर मॉडेल आहे. खालचा एक मीटर दुहेरी जाडीचा करा, तिथे कान, आरसे, हँडल असे बाहेर आलेले भाग ठेवू नका. जे ठेवावेच लागतील ते आतून पट्टीने बांधा. प्रत्येक रंगाच्या थोड्या विटा, ब्रश आणि त्या भागाच्या थरांचे फोटो एका पेटीत घालून पेटी मॉडेलच्या चौथऱ्यातच कुलूपबंद ठेवा. किल्ली एक तुमच्याकडे, एक मॉलच्या सुपरवायझरकडे. सुरक्षारक्षकाच्या टेबलाखाली ठेवलेल्या पेटीतल्या विटा दोन दिवसांत कोणाच्या तरी घरी पोचतात.