सांदवाडीत साप दिसला तर

पाऊस लागला की बिळांत पाणी शिरतं, बेडूक अंगणात येतात आणि त्यांच्या मागं साप येतो. आमच्या विदर्भात सांदवाडीला, म्हणजे घरामागच्या परसाला, लागूनच कपाशीचं वावर, तिथंच पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, गंजी आणि गोवऱ्यांचा ढीग. दोन वर्षांमागं माय चुलीसाठी पऱ्हाट्या ओढत होती. तिसरा भारा ओढला आणि आतून कुकरची शिटी सुटावी तसा लांब फुत्कार आला. वेटोळं घालून घोणस बसली होती, आमच्याकडं जिला परड म्हणतात ती. अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके. मायच्या हातापासून जेमतेम वीतभर.

तेव्हा तिनं जे केलं तेच करावं. हात मागं घेतला, हळूच तीन-चार पावलं सरकली आणि लेकरांना घरात जायला सांगितलं. काठी शोधायला पळू नका. साप मारायला किंवा धरायला जवळ जाणारा माणूसच जास्त धोक्यात असतो.

साप मोकळ्यावर असेल तर लांबून नजर ठेवा आणि त्याला जाऊ द्या. घरात किंवा कोठ्यात शिरला असेल तर दार ओढून घ्या, फटीत गोणपाट कोंबा आणि गावातल्या सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. तो कुठं गेला हे पाहणारा एक माणूस तिथंच लांब उभा ठेवा, नाहीतर नंतर अख्खं घर उपसावं लागतं.

ओळख लांबूनच करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मोठे विषारी. मण्यार रात्री फिरते, काळ्या अंगावर पांढरे बारीक पट्टे असतात आणि ते मानेपासून जरा मागं सुरू होतात. बिनविषारी कवड्या सापाचे पट्टे मानेपासूनच असतात. पण शंका असेल तर विषारीच समजा. धामण उंदीर खाते, तिला मारणं म्हणजे ढोलीतलं धान्य उंदरांना देणं. सापसुरळी आणि सरडा विषारी नाहीत. घोरपड खुराड्यात अंड्यांसाठी येते. तिला निघायला वाट मोकळी ठेवा. तिला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

भाजीच्या वाफ्याभोवती नायलॉनची जाळी जमिनीला टेकवून लावू नका. त्यात अडकलेली धामण मी पाहिली आहे, दोरे कातडीत रुतले होते. फिनेल, रॉकेल टाकण्याच्या भरवशावरही राहू नका. उंदीर आवरा, भिंतीलगतचं गवत काढा, रात्री टॉर्च आणि पायात बूट असू द्या. भुईवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचा. मण्यारीचा दंश झोपेत कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात.

दंश झालाच तर अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा. चावलेला हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवा. करकचून दोरी बांधणं, चिरा देणं, तोंडानं विष ओढणं, मांत्रिकाकडं नेणं, यातलं काहीही नको. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. माणसाला चालवू नका. किती वाजता चावला हे डॉक्टरांना सांगा. साप सोबत नेऊ नका, डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

आमची पऱ्हाट्यांची गंजी आता घरापासून दूर, विटांवर रचलेली असते. माय आधी तिला लांब काठीनं ठोकते, थोडं थांबते, खालून वाकून बघते आणि मगच भारा ओढते.